‘पेशीमृत्यू’ या एका शब्दापायी गेलेले सहा महिने

तीन वेळा परत आला माझा संमतीपत्राचा फॉर्म. तिन्ही वेळा विज्ञानाला कुणी हात लावला नाही, हे आधी सांगून टाकते. राग अजून गेलेला नाही.

माझा पीएचडीचा विषय वारेचा, म्हणजे प्लॅसेंटाचा. गरोदरपणात आईची रोगप्रतिकारशक्ती जे रासायनिक निरोप सोडते, त्यांमुळे वारेतल्या पेशी कमी-जास्त कशा मरतात, ते बघायचं. बाळंतपण झालं की वार तशीही पिवळ्या पिशवीत जाते, म्हणून वाटलं परवानगी सहज मिळेल. पण संशोधनासाठी घ्यायची म्हणजे नैतिकता समितीची मंजुरी हवी, आईची सही हवी, आणि सहीचा कागद तिला कळेल अशा भाषेत हवा. गाईड मिळणं, विषय मंजूर होणं, हे सगळं सुरळीत झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पहिल्या फॉर्ममध्ये मी सरळ ‘पेशीमृत्यू’ लिहिलं. पाठ्यपुस्तकातला शब्द. समितीत विज्ञानाबाहेरची एक सामान्य व्यक्ती असावी लागते. आमच्याकडे त्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी चष्मा काढून विचारलं, “नऊ महिने भरलेली बाई हे वाचणार. वार आणि मृत्यू एकाच ओळीत. ती सही करील का पळून जाईल?”

मी तिथेच समजवायला लागले. वारेतल्या पेशी मरणं हा आजार नाही. वारेचा बाहेरचा थर आईच्या रक्तात बुडालेला असतो; त्याचा जुना भाग झडतो आणि आतल्या नव्या पेशी त्यात येऊन मिसळतात. सुरुवातीच्या महिन्यांत तर वारेच्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरून तिथल्या काही पेशींना मरायला लावतात, तेव्हा कुठे त्या वाहिन्या रुंद होतात आणि बाळाला पुरेसं रक्त मिळतं. मेलेल्या पेशी भक्षक पेशी गुपचूप गिळून टाकतात, सूज येऊ देत नाहीत. घोळ होतो तो प्रमाणाचा. टीएनएफ-अल्फा आणि इंटरफेरॉन-गॅमा या निरोपांचा जोर वाढला की वारेच्या पेशी जास्त मरतात. इंटरल्युकिन-१० त्यांना आवर घालतं. प्रीएक्लॅम्प्शियात, म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर जातं आणि सोबत लघवीत प्रथिनं जातात किंवा इतर अवयवांना त्रास होतो त्या आजारात, हे मरण जास्त दिसतं.

बाई शांतपणे म्हणाल्या, “हे सगळं छान आहे. फॉर्मात कुठंय?”

समिती दोन महिन्यांतून एकदा बसायची. दोन महिने गेले.

दुसऱ्या वेळी मी हुशारी केली. अशा ठरवून होणाऱ्या पेशीमृत्यूला १९७२ साली शास्त्रज्ञांनी ‘अपॉप्टोसिस’ नाव दिलं, ते ग्रीकमधून घेतलं. अर्थ पानं गळणं. मी लिहिलं, ‘झाडाची पानगळ होते तशा वारेतल्या काही पेशी गळतात.’ स्वतःवर खूश होते मी. बाईंनी वाचलं आणि फक्त ‘गळतात’वर बोट ठेवलं. आमच्याकडे गाभ गळतो, गर्भ गळतो. गरोदर बाईला तो शब्द दाखवायचा? मला बोलताच येईना. चूक माझी होती, पण राग त्यांच्यावर काढला, मनातल्या मनात.

तिसरी फेरी तर निव्वळ बाबूगिरी. मजकूर मान्य, पण अर्जावर आवृत्ती तीन आणि फॉर्मच्या तळाशी आवृत्ती दोन. बैठक संपल्यावर कळलं. आणखी दोन महिने. त्या दिवशी नागपूरच्या बर्डीवर जाऊन तर्री पोहे खाल्ले आणि कुणाशीही बोलले नाही.

तेव्हा प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती आणि तारीख टाका, बैठकीच्या यादीत नाव कधीपर्यंत घेतात ते कार्यालयात आधी विचारा, आणि मराठी मजकूर आईला किंवा मावशीला वाचायला द्या. गाईडला नको, त्यांना सगळंच कळतं.

शेवटी पास झालेलं वाक्य असं: ‘वारेतल्या काही पेशी ठरावीक काळानं आपोआप संपतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. ही नेहमीची गोष्ट आहे.’ निवृत्त बाईंनीच ‘नेहमीची’ सुचवलं. मान्य करायला जड जातं, पण माझ्यापेक्षा बरं लिहिलं त्यांनी.

एक राहिलंच. बर्फाचा डबा आधीच भरून ठेवा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. लेबर रूमपासून लॅबपर्यंत उशीर झाला तर ऑक्सिजनविना पेशी मरतात आणि तुम्ही त्याच मोजत बसता. आणि वार घरी नेऊन पुरायची आहे का, हे घरच्यांना आधी विचारा. काही घरांत पुरतात, सासू दारात उभी असते.

पहिली सही मिळाली ती उमरेडकडच्या एका पोरीची. फॉर्म दोनदा वाचून तिनं विचारलं, “नव्या येतेत म्हणता, तं मंग वार पडते काहून जी?”

मी खुर्ची ओढून बसले.