जायकवाडीच्या भिंतीचा नाद सोडा

‘धरणाच्या भिंतीवर उभं राहा, गिळलेला सूर्य थेट नाथसागरात बुडताना दिसेल.’ नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीच्या ग्रुपवर हा मेसेज आला आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे 25 ऑक्टोबर 2022 ला, सूर्यग्रहण बघायला मी बारा वर्षांच्या भाच्याला घेऊन संभाजीनगरहून पैठणची एसटी पकडली. आईने सकाळीच वेध लागले म्हणून लोणच्याच्या बरणीपासून दुधापर्यंत सगळ्यावर तुळशीची पानं ठेवली होती. आम्ही निघालो तेव्हा ती बोलली नाही, फक्त बघितलं.

पंचांगात याला ग्रस्तास्त ग्रहण म्हणतात. सूर्य ग्रहणातच मावळतो, मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटणं, क्षितिजाखाली होतं. आपल्याकडे स्पर्श, म्हणजे ग्रहण लागणं, पाचला दहा कमी असताना, मध्य पावणेसहाच्या आसपास आणि सूर्यास्त सहाच्या जरासा आधी. म्हणजे हातात जेमतेम तासभर. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ज्योतिषी होता, त्यामुळे ग्रहणाची वेळ काढायची विद्या या मुलखाला आठशे वर्षांपासून माहीत आहे. मेसेजमधली वेळही अचूक होती. गंडली ती जागा.

भिंतीवर सोडत नाहीत. चौकीवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं, ‘परवानगी लागती, भाऊ.’ चूक त्याची नाही, दहा किलोमीटरची मातीची भिंत काही चौपाटी नव्हे. मेसेज पाठवणारा तिथे कधी गेलाच नव्हता, हे नंतर कळलं. तेव्हा चार वाजले होते.

नागघाटावरून दिसेल असंही कुणी सांगेल. तो घाट धरणाच्या खालच्या अंगाला, नदीवर आहे. ग्रहणाच्या आंघोळीसाठी जायचं तर जरूर जा. पाण्यावरचा सूर्यास्त हवा तर जलाशयाचाच काठ गाठावा लागतो. रिक्षावाल्याने उत्तर काठावरच्या एका वस्तीपर्यंत चारशे मागितले. का, तर ‘गिराण हाय साहेब, गिराणात कोण गाडी काढतंय?’ परत येताना गिराण नसेल, मग? त्यावर तो हसला. तीनशेवर तुटलं, आणि वस्तीच्या अलीकडेच त्याने उतरवून दिलं. पुढे पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट.

या पांदणीबद्दल लिहायलाच मी बसलोय. दीड किलोमीटर. परतीच्या पावसाने त्या आठवड्यात सोयाबीनची वाट लावली होती आणि काळी माती अजून वाळली नव्हती. ज्यांनी ओल्या काळ्या रानात पाय घातलाय त्यांना सांगायला नको. पहिल्या दहा पावलांत चपलेखाली भाकरी तयार होते, वीस पावलांत पाय पाच किलोचा होतो, तिसावं पाऊल टाकताना चपल मागे राहते. माझी डावी राहिली. भाच्याचे बूट टिकले, कारण त्याच्या आईने नाडीला दुहेरी गाठ मारली होती. दोन्ही बाजूंनी बाभळी, म्हणजे अनवाणी जायचीही सोय नाही. चिखलातून हात खुपसून चपल काढली तेव्हा भाचा ओरडला, ‘मामा, लागलं बघा!’ स्पर्श आम्ही असा, कोपरापर्यंत चिखलात पाहिला.

आता चष्मे. शहरात एका टपरीवर दीडशेला एक असे दोन घेतले. त्यातला एक बोगस निघाला. घरीच ट्यूबलाइटकडे बघितलं तर नळी स्वच्छ दिसली. खऱ्या चष्म्यातून सूर्याखेरीज जवळपास काहीच दिसत नाही, एवढी साधी परीक्षा टपरीवरच करा आणि पैसे मग द्या. आयएसओ 12312-2 हा अशा चष्म्यांच्या मानकाचा आकडा छापलेला असतो, पण छापायला कुणीही छापतो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल: साफ नाही. वेल्डिंगची काच चालेल, पण चौदा नंबरचीच.

चाळणीच्या भोकांतून सूर्याची बिंबं जमिनीवर पाडा, अशी शिफारस सगळे करतात. मी नाही करणार. दोन मीटरवर दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान बिंब पडतं आणि कललेल्या सूर्यात तेही जमिनीवर ताणलं जातं. त्यापेक्षा खिशातला आरसा घ्या, त्यावर अर्ध्या सेंटिमीटरचं भोक पाडलेला कागद चिकटवा आणि कवडसा दहा मीटरवरच्या सावलीतल्या भिंतीवर टाका. नऊ-दहा सेंटिमीटरचं बिंब मिळतं. वस्तीवरच्या शाळेच्या भिंतीवर आम्ही तेच केलं. दार लावून बसलेल्या दोन-तीन घरांतून पोरं बाहेर आली, त्यांच्यामागे आज्ज्या. सून तेवढी आतच राहिली. तिला पाचवा महिना होता.

काठावर पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. धरण तुडुंब, पाणी ओसरल्यावर पेरतात ती गाळपेराची रानं पाण्याखाली. एक भोई चप्पू काठाला ओढून बसला होता. त्याला चष्मा दिला. बराच वेळ बघून म्हणाला, ‘उजव्या अंगाला कुणी तरी चावा घेतलाय की भाकरीचा.’ यापेक्षा नेमकं मला लिहिता येणार नाही. जेमतेम पाव सूर्य झाकला होता. अंधारून येतं, पक्षी गप्प होतात या खग्रासातल्या गोष्टी आहेत, इथे उजेडात काडीचा फरक नाही. पक्षी परतत होते, पण ते रोजच परततात. खग्रासच हवं असेल तर 20 मार्च 2034 ला काश्मीर-लडाख गाठा.

तरीही शेवटची दहा मिनिटं. सूर्य तांबडा, चपटा, एक कोर उडालेला, आणि त्याच्याकडून आमच्या पायापर्यंत पाण्यावर तसलाच मळका तांबडा पट्टा. भाचा बडबडायचा थांबला होता. मला रिक्षावाल्याचाही राग उरला नाही. सूर्य धुरकटात शिरला की चष्म्यातून काही दिसेनासं होतं. तेव्हा चष्मा काढायचा मोह होतो. काढू नका. मोबाइलच्या पडद्यावर बघा, आम्ही तेच केलं.

2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर पुन्हा खंडग्रास आहे, पण ते सूर्यास्ताआधीच सुटेल. भर पावसाळा, तेव्हा ढगांचं तुमचं तुम्ही बघा. ऑक्टोबरात सूर्य पश्चिमेच्या डावीकडे उतरला होता, ऑगस्टात तो उजवीकडे उतरेल, म्हणून जागा आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन ठरवा. पांदण तेव्हा आणखी वाईट असेल. गमबूट घाला, रिक्षा जाऊन-येऊन ठरवा आणि अर्धे पैसे परत आल्यावर द्या. बॅटरी न्याच. सूर्यग्रहण म्हणजे अमावास्या, चांदणं मिळणार नाही. एवढी साधी गोष्ट मला सव्वासहाला, त्याच चिखलात, मोबाइल चार टक्क्यांवर असताना उमजली. उजवी चपल तिथेच कुठे तरी आहे.