बेसूर, पण चोख

ध्वनिमुद्रणाच्या आधीच संकलकाच्या स्वरलिपीच्या प्रतीवर मी लाल पेन्सिलीने जागोजागी ‘असंच हवं’ असं लिहून ठेवलं होतं. स्वर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर अजिबात चालवायचं नाही, हेही पहिल्याच पानावर. मोझार्टच्या ‘आइन म्युझिकालिशर श्पास’ म्हणजे ‘एक सांगीतिक थट्टा’ (त्याच्या रचनांच्या क्योखेल सूचीत के. ५२२) या रचनेत एवढी खबरदारी घ्यावीच लागते, नाहीतर नेमकी गंमतच कापली जाते. स्वतःच्या वहीत त्याने तिची तारीख १४ जून १७८७ अशी नोंदवली आहे. वाद्यं मोजकीच: दोन हॉर्न, दोन व्हायोलिन, व्हियोला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या स्वरांचं) आणि बास. थट्टा कच्च्या रचनाकाराची आहे आणि कच्च्या वादकांचीही.

मिन्युएट या नृत्याच्या चालीच्या भागात हॉर्नची जोडी भलत्याच स्वरांवर जाते आणि वर शेरा असतो ‘डोल्चे’, म्हणजे गोड! आमचे हॉर्नवादक तिथे दबकत फुंकत होते. तसं झालं की ऐकणाऱ्याला वाटतं, वादक खरंच चुकला. पूर्ण दमात, शेऱ्याबरहुकूम गोड वाजवल्यावर ती जागा खुलली. अडाजो या संथ भागात व्हायोलिनची एकल तान वर चढते ती सलग पूर्ण स्वरांच्या पायऱ्यांनी. तयार हात सवयीने मधेच अर्धस्वर घेतो आणि तान नेहमीसारखी सुरेल होऊन बसते. त्यामुळे ती आधी अगदी सावकाश, एकेक स्वर ट्यूनरवर तपासत बसवली.

खरा घाम काढला तो अगदी शेवटच्या स्वरसंघातांनी. तिथे प्रत्येक वाद्य वेगळ्याच पट्टीत वाजतं. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर हॉर्न पांढरी चारमध्ये, पहिलं व्हायोलिन पांढरी पाच, दुसरं पांढरी सहा, व्हियोला काळी दोन आणि बास काळी पाच. चांगल्या वादकाचा कान शेजाऱ्याशी जुळवून घेतोच. तारेवरचं बोट नकळत सरकतं. म्हणून आधी प्रत्येकाकडून एकट्याने वाजवून घेतलं, मग दोघादोघांकडून. हॉर्न आणि बास लगेच जमले, कारण पांढरी चार हा काळी पाचचा पंचमच. दोन्ही व्हायोलिनं मात्र एकमेकांना खेचत राहिली, तेव्हा त्यांना लांब बसवलं.

तरी एक अडचण उरली. बास जड झाला की कान त्याचाच षड्ज धरतो आणि वरचं सगळं नुसता गोंगाट वाटतं. बासचा माइक मागे घेतला, व्हियोलाचा जवळ आणला, तेव्हा पाचही पट्ट्या सुट्या ऐकू आल्या. शेवटी लय ओढू दिली नाही. रचना ठरल्या लयीतच, थाटात आदळायला हवी.