समुद्रातून काहीही न उचलता मांडलेली रीफ टाकी

राजारामपुरीतल्या आमच्या घरी दोन फुटी रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळं आणि मासे पाळायची काचेची टाकी, लागल्यापासून बघायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "पाणी रत्नागिरीहून आणतोस काय रं?"

नाही. पाणी नळाचं, मीठ पिशवीतलं, दगड कारखान्यात भाजलेला आणि मासे हॅचरीत, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात, जन्मलेले. टाकीचा विचार डोक्यात आला तेव्हाच मी ठरवलं होतं की किनाऱ्यावरचा एक खडासुद्धा यात यायचा नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासची प्रवाळं मी पाण्यात उतरून पाहिली आहेत. गोल, भरीव वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. म्हणजे फुटबॉलएवढा गोळा दिसला तर तो बहुतेक माझ्या पोरांपेक्षा वयानं मोठा. मालवणचा तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि 2001 पासून दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. कायदा नसता तरी मी ती उचलली नसती.

मालवणात दिलेल्या आमच्या आत्याला हे पटवायला वेळ लागला. तिच्या शोकेसमध्ये पांढऱ्या प्रवाळाचा एक जुना तुकडा आहे, सासऱ्यांच्या काळातला. "ने की रे, नुसता धूळ खात पडलाय," म्हणाली. मी म्हटलं, "आत्या, तो माझ्या टाकीत दिसला की चार जण विचारणार कुठं मिळतो, आणि त्यातला एक तरी आणायला जाणार." मग ती काही बोलली नाही.

आता पाण्याचं. आमच्या नळाला येणारं पाणी प्यायला चांगलं, पण रीफला चालत नाही. त्यात क्लोरीन असतो, थोडं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका असते. माणसाला त्याचं काही नाही, पण टाकीत शेवाळाचं फावतं. म्हणून आरओ आणि त्याच्यापुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार काढून घेणाऱ्या दाण्यांचा, डबा. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसलं की मगच मीठ टाकायचं. घरातल्या प्यायच्या आरओचं पाणी चालत नाही, कारण चवीसाठी त्यात क्षार राखलेले किंवा परत मिसळलेले असतात. मीठही खास रीफचंच हवं. स्वयंपाकाचं मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड, आणि प्रवाळांना कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट सगळं लागतं. लिटरला 35 ते 38 ग्रॅम मीठ, वेगळ्या पिंपात, पंप लावून रात्रभर फिरवलेलं. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 35 (लिटरमागं साधारण 35 ग्रॅम क्षार) आलं की पाणी तयार.

पण मला सगळ्यात जास्त काळजी होती ती तांब्याची. उद्यमनगरात माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरायचं, दुकान आहे. दिवसभर हात तांब्याच्या तारेत आणि वार्निशमध्ये. गोड्या पाण्यातला मासा जेवढं तांबं सोसतो त्याच्या अंशभरानंही झिंगे, गोगलगायी आणि प्रवाळं मरतात. तार सोलताना जो बारीक लालसर चुरा उडतो तो नखांच्या कडेत बसतो आणि नुसत्या पाण्यानं निघत नाही. म्हणून टाकीचं सगळं सामान दुकानापासून लांब ठेवलंय: बादली, पाइप, ब्रश, सगळं निळ्या टेपनं खूण केलेलं. घरी आलो की आधी अंघोळ, मग लांब बाह्यांचे रबरी हातमोजे, मगच टाकीत हात. आमच्या लाइनचे बरेच लोक हौशी आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय.

स्टँड आमच्याच गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचा करून घेतला, वर पावडर कोटिंग. काच, पाणी, दगड मिळून नव्वद-शंभर किलो वजन होतं, त्यामुळे टाकी भिंतीला धरून ठेवली, खोलीच्या मधोमध नाही. तळाला वाळू घातलीच नाही. रीफची वाळू बहुतेक समुद्रातूनच उपसलेली असते, आणि उघडी काच पुसायलाही सोपी जाते. सिरॅमिकचे दगड दोन कमानी होतील असे चिकटवले. मधून पाणी खेळलं पाहिजे, एवढंच बघितलं.

त्यानंतर टाकी तशीच चालवायची, माशांशिवाय. हा काळ लोकांना कंटाळवाणा वाटतो, मला सगळ्यात जास्त आवडला. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. कोऱ्या दगडावर हे जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर त्यांना खायला अमोनिया द्यावा लागतो. तो मी अमोनियम क्लोराइडच्या रूपानं दिला. आपल्याकडे कल्हईवाले भांडं तापवून ज्याची चिमूट फिरवतात तो नवसागर म्हणजे हेच रसायन. टाकीसाठी मात्र प्रयोगशाळेच्या दर्जाचं, शुद्ध घ्यायचं. पन्नास-पंचावन्न लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी पुरतं.

रोज रात्री जेवण झालं की टेस्ट किट काढायचं. काचेच्या नळीत पाच मिली पाणी, थेंब मोजून टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. पांढऱ्या कागदावर नळी धरली की सुरुवातीला गडद हिरवा रंग. मग एका रात्री तो पोपटी दिसला. पुढे पोपटी विरत विरत लिंबासारखा पिवळा झाला, म्हणजे अमोनिया शून्य. तिकडे नायट्राइटची नळी जांभळी व्हायला लागलेली. थोरली पोरगी वहीत आकडे लिहायची आणि मला विचारायची, "पप्पा, आत कोण आहे मग?" तिला दाखवायला काहीच नव्हतं, पण काम चालू होतं याचा पुरावा आम्हा दोघांच्या हातात होता. दगडांवर तपकिरी थर चढला तो डायटम या सूक्ष्म शैवालाचा. नव्या टाकीत तो येतोच, आणि आपला आपण जातो. दातांच्या ब्रशनं घासून काढला.

मग पुण्याच्या एका हौशी माणसाच्या टाकीत वाढलेल्या झोआंथसच्या आणि मशरूमच्या फांट्या आणल्या. ही प्रवाळांची मऊ नातलग मंडळी. दगडी सांगाडा नसल्यामुळे त्या संरक्षित यादीत येत नाहीत. झोआंथस हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. दिवा लागला की एकेक तोंड उघडतं: आधी कडेची बारीक झालर, मग मधली हिरवी चकती. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून यजमानाला देतं. पाणी फार तापलं की ही जोडी मोडते आणि प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपला 1998, 2010 आणि 2016 मध्ये हेच झालं.

मासे दोनच, क्लाउनफिश. हे सगळे नर म्हणून जन्मतात आणि जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. आमच्याकडची कोण होणार हे आता आकारावरून कळायला लागलंय.

कोल्हापूरची हवा रीफला तशी मानवते. पाणी थंड करणारा चिलर लागला नाही. एप्रिलच्या कोरड्या उन्हात पाण्यावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश सहज उतरतात. मात्र त्यानं पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं. पंचावन्न लिटरातलं तीन लिटर उडालं तर 35 चं 37 होतं. म्हणून रोज खुणेपर्यंत भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची.

विजेत मात्र मी तडजोड केलेली नाही. सगळं आरसीसीबीवर (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), अर्थिंग तपासलेलं, आणि प्रत्येक वायर आधी बोर्डाच्या खाली लोंबती सोडून मग वर प्लगमध्ये, म्हणजे ओघळलेलं पाणी खालीच गळतं. 2019 आणि 2021 च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं, पण शहराची उपसा केंद्रं बुडाल्यामुळे नळ कोरडे पडले आणि टँकरमागे पळावं लागलं. म्हणून जून लागला की डीआयच्या पाण्याचे दोन कॅन भरून ठेवतो. वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा पंप, बारा व्होल्टचा, पाच वॅटचा घेतलाय, तो सात अँपिअर-अवरच्या बॅटरीवर जवळजवळ बारा तास चालतो. लाइट गेली तर दिवा बंद राहिला तरी चालतं, पाणी हलायचं थांबता कामा नये. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच गोड्यापेक्षा कमी विरघळतो.

आता एक क्लीनर झिंगा, म्हणजे माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा झिंगा, हवाय. दुकानात मिळतो तो समुद्रातून पकडलेला, म्हणून घेतलेला नाही. हॅचरीत वाढवलेला कुठं मिळतो हे कुणाला पक्कं माहीत असेल तर कळवा. आणि कोल्हापुरात कुणी अशी टाकी मांडत असेल तर झोआंथसच्या फांट्या माझ्याकडून घेऊन जा, पैसे नकोत. फक्त आधी तुमच्या अमोनियाची नळी पिवळी झालेली दाखवा.