उंच ट्रकचा जॅक: घ्यायचा कुठला, ठेवायचा कुठे

मी डेन्व्हरला राहतो आणि फोर्ड एफ-२५० हा पिकअप ट्रक चालवतो. घेतला तो वापरलेलाच. आधीच्या मालकाने त्याला ४ इंचांचा लिफ्ट करून (म्हणजे सस्पेन्शन उंच करून) ३७ इंची टायर चढवले होते. कोलोराडोत असे ट्रक गल्लोगल्ली दिसतात, त्यामुळे सल्ला द्यायला माणसं कमी नाहीत. प्रत्येकाचा सल्ला एकच: गाडी मोठी आहे, जॅकही मोठाच घे.

मी आधी मोजपट्टी घेऊन गाडीखाली शिरलो. लिफ्टमुळे उंच होते ती चासी आणि बॉडी. एक्सल वर जातो तो फक्त टायरमुळे, आणि तोही टायर जितका वाढला त्याच्या निम्माच. माझ्या मूळ टायरचा व्यास ३३ इंच धरला, तर ३७ वर गेल्याने एक्सल वाढला फक्त २ इंच. एफ-२५० फोर बाय फोरला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहे, म्हणजे जॅक थेट त्याखाली लावता येतो. (पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनची असतील, तर जागा बदलते, तिथे मॅन्युअल बघायचं, अंदाजपंचे लावायचं नाही.) जॅक चासीला लावला तर मात्र लिफ्टचे ४ इंच भरून काढायचे, त्यात स्प्रिंग सुटी होऊन चाक खाली लोंबकळतं तेही भरून काढायचं. गाडी हातभर वर जाते तरी टायर जमिनीलाच टेकलेला.

खरा पेच पुढेच होता. चाक बदलायचं म्हणजे टायर बसलेला असणार. घरासमोर एका मागच्या चाकातली हवा पूर्ण काढून पाहिली. हवा भरलेली असताना एक्सलच्या नळीखाली साधारण १६ इंच जागा होती, हवा गेल्यावर जेमतेम १० राहिली. आणि हवा भरलेली स्टेपनी सरकवायची तर एक्सल १७ इंचांपर्यंत उचलायला हवा. म्हणजे जॅक १० इंचांत शिरायला हवा आणि १७ च्या वर पोचायला हवा. साधा ६ टनी बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा, तेलाच्या दाबावर चालणारा) बसका, म्हणजे पूर्ण मिटलेला, साडेआठ इंच, तेलावर पाचेक इंच उचलतो. डोक्यावरचा स्क्रू आहे, पण तो वजन येण्याआधीच फिरवून घ्यावा लागतो, आणि १० इंचांच्या जागेत तो फिरवणार किती? हिशेब १५ लाच संपतो.

टन वाढवून इथे काही साधत नाही. सामान नसताना एका चाकावर साधारण २,२०० पौंड येतात आणि ६ टनी जॅक १२,००० उचलतो. १२ किंवा २० टनी जॅक बहुधा बसकाच जास्त उंच असतो, तो आत शिरला तरी जेमतेम. शेवटी घेतला दोन टप्प्यांचा ६ टनी बॉटल जॅक, ज्यात एका रॅममधून (वर सरकणाऱ्या दांड्यातून) दुसरा रॅम बाहेर येतो. बसका ९ च्या आत, पोच १८ च्या पुढे.

हाय-लिफ्टचा, म्हणजे उभ्या लोखंडी पट्टीवर खाच-खाच चढणाऱ्या उंच जॅकचा, मोह बऱ्याच जणांना होतो. इंडियानातल्या ब्लूमफील्डच्या कंपनीचा हा जॅक १९०५ पासूनचा. शेतात ट्रॅक्टर उचलायला, कुंपणाचे खांब उपटायला तो जॅक बिनतोड. पण ४८ इंची जॅक तीसेक पौंडांचा, त्याला अडकवायला लोखंडी बंपर किंवा स्लायडर (दारांखालचा जाड लोखंडी पाइप) हवा, आणि दांडा हातातून निसटला तर जबडा फोडतो. माझा बंपर मूळचाच, त्यामुळे हा विषय तिथेच मिटला. मोठ्या चाकांचा ऑफ-रोड फ्लोअर जॅक वाळूत झकास चालतो, पण वजन आणि जागा बघता त्याची जागा गॅरेजातच.

जॅकखाली टाकायला पाऊण इंची प्लायवूडचे दोन तुकडे चिकटवून पाट केला. पाट घातल्यावर जागा पुरत नसेल तर एक युक्ती आहे: बसलेलं चाक आधी जाड फळीवर चढवायचं, दीडेक इंच फुकट मिळतात. आणि मागचं चाक उचलण्याआधी गिअर फोर-हायमध्ये, म्हणजे पुढचा एक्सलही मागच्याशी जोडला जातो. ऑटोमॅटिक गिअरमधल्या पार्कचा खटका प्रॉपेलर शाफ्ट अडवतो. मागचं एक चाक अधांतरी झालं की डिफरेन्शियलमुळे तो खटका निरुपयोगी होतो, आणि ट्रक पार्कमध्ये असूनही घरंगळू शकतो. उरलेल्या चाकांना ठोकळे तर लावायचेच. नट २१ मिलिमीटरचे, १६५ पौंड-फूट ताकदीने आवळायचे. त्यामुळे लांब दांड्याचा पाना आणि टॉर्क रेंच जॅकच्याच पेटीत.

ठेवायचं कुठे, यावर घरात खल झाला. मागच्या सीटखाली सोयीचं, पण तिथे मुलांचे स्नो-बूट, आणि सुटा राहिलेला लोखंडी जॅक गाडी उलटली तर कोणाच्या डोक्यात बसेल ते सांगता येत नाही. बायको एवढंच म्हणाली, "तो आत राहणार असेल तर मुलं बाहेर." मग मागच्या हौद्यातली टूलबॉक्स. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात, ते उघड्या लोखंडाला सोडत नाही, म्हणून झाकणाला नवं रबर बसवलं.

बॉटल जॅक आडवा टाकायचा नाही. तेलाच्या बुचातून गळती होते आणि आत हवा शिरते. मग दांडा मारत बसा, रॅम जागचा हलत नाही. मी टूलबॉक्समध्ये जॅकच्या तळाएवढी लाकडी चौकट केली, त्यात तो उभा, वरून पट्टा. रॅम पूर्ण खाली, म्हणजे तो तेलात राहतो आणि गंजत नाही, व्हॉल्व्ह बंद. हवा शिरलीच असेल तर व्हॉल्व्ह सैल करून पंप चालवायचा, ती निघून जाते. तेल कमी झालं तर फक्त जॅकचंच तेल, ब्रेक ऑइल नाही. त्याने सील खराब होतात.

पेटीत जॅकची बाजू उजवीकडची ठेवली आहे, म्हणजे इथे रस्त्याच्या कडेची, ड्रायव्हरच्या विरुद्ध. आय-७० महामार्गावर चाक बसलं तर धावत्या ट्रॅफिककडे पाठ करून पेटीत वाकावं लागत नाही, आणि तंबू-शेगडीचा पसारा उपसावा लागत नाही.