दौऱ्यावर गेलेला नट

तोक्योच्या जिंबोचोमधल्या जुन्या चित्रांच्या दुकानात मी पावसामुळे शिरले, हे आधीच कबूल करते. म्हाताऱ्या मालकांना म्हटलं, स्वस्तातलं काही असेल तर दाखवा. त्यांनी अगदी खालच्या खणातून एक पाकीट काढलं. फिक्या निळ्या पोशाखात बसलेला, लांबुळक्या चेहऱ्याचा तरुण. हातात जपमाळ, शेजारी हिरवी डहाळी. मला वाटलं, कुणी पुजारी असेल.

"हा आठवा दानजुरो," ते म्हणाले आणि पोशाखावरच्या खुणेकडे बोट केलं. एकात एक बसलेले तीन चौकोन. ही लाकडी मापं, वरून पाहिलेली. आपल्याकडे पायलीत शेर आणि शेरात मापटं ठेवतात तशी. इचिकावा या नटांच्या घराण्याची ही निशाणी काबुकीच्या, म्हणजे जपानी पारंपरिक नाटकांच्या, प्रेक्षकांना लांबूनही कळायची.

ती डहाळी शिकिमीची. चक्रीफुलाच्याच जातीचं झाड, पण विषारी. बौद्ध थडग्यांवर वाहतात. फिका निळा रंगही मरणाचाच. नट गेला की त्याचं असं चित्र छापून विकायचे, त्याला 'शिनी-ए' म्हणतात. म्हणजे मी श्रद्धांजलीचं पत्रक हातात धरून उभी होते!

गोष्ट अशी. याचे वडील सातवे दानजुरो. १८४२ मध्ये शोगुनच्या सरकारने त्यांना चैनबाजीच्या आरोपावरून एदोतून, म्हणजे आजच्या तोक्योतून, हद्दपार केलं. मग ते ओसाकात आणि गावोगावी नाटकं करत राहिले. इकडे एदोत मुलगा देखणा नायक म्हणून गाजला. १८५३ मध्ये अंगभर वार झालेल्या योसाबुरोची भूमिका त्याने केली, तिच्यावर तर लोक अजूनही जीव टाकतात. पुढच्याच वर्षी तो वडिलांच्या दौऱ्यात सामील होऊन ओसाकाला गेला आणि तिथल्या मुक्कामी त्याने स्वतःचा जीव घेतला. जपानी मोजणीने बत्तिसावं चालू होतं. कारण कधीच उलगडलं नाही.

ओसाका ते एदो ही पायी दोनेक आठवड्यांची वाट. बातमी पोचली आणि छापखाने तुटून पडले. त्याची दोनशेहून जास्त वेगवेगळी शिनी-ए निघाली. एका प्रकारात तर तो बुद्धासारखा आडवा झालेला आहे आणि भोवती बाया ओक्साबोक्शी रडताहेत. (त्या काळच्या चाहत्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. मीही दहावीत एका नटासाठी उपास केला होता.)

मालकांनी दुसरं एक शिनी-ए शेजारी ठेवलं. नट तोच, पण मरणाची तारीख वेगळी! मी अडखळत दोनदा वाचली. "घाई," ते हसून म्हणाले. माझ्या चित्रावर चित्रकाराचं नाव नाही, प्रकाशकाचं नाही, सरकारी परवानगीचा शिक्काही नाही. एरवी या छपाईत चित्रकार, कोरणारा, छापणारा असे कसबी हात असतात. चेरीच्या लाकडावर केसाएवढ्या रेघा कोरायच्या आणि प्रत्येक रंगाचा ठोकळा खुणेला खूण लावून बसवायचा. इथे गळपट्टीचा निळा रंग रेघेबाहेर सरकलाय. कागद उलटा केला तर पाठीवर छापणाऱ्याने घासलेल्या बारेनचे, म्हणजे कागद दाबायच्या चकतीचे, गोल गोल वळसे दिसतात. तो माणूस किती जोर लावून, किती भराभर घासत असेल! मला त्या सरकलेल्या रंगासाठीच ते घ्यावंसं वाटलं. नीटनेटकं असतं तर कदाचित घेतलं नसतं. आठ हजार येन मोजले.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं.

"कोण गं हा?"

"नट आहे. दौऱ्यावर गेला आणि तिकडेच वारला."

"अगं बाई, मेलेल्या माणसाचं चित्र कशाला आणलंस घरात?" मग जरा थांबून, "बरं, आणलंयस तर दक्षिणेच्या भिंतीला लाव."

माझ्या निशी-कासाईच्या घरात दक्षिणेला भिंतच नाही, सगळी काच आहे. सध्या तो कपाटात, स्वेटरांवर आडवा आहे.