दहा मीटर मुलांसोबत: रायफलीआधी पेलेट

२०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं, आणि तेव्हापासून मुलांना थेट तीच रायफल हवी असते. ती पॉइंट टू-टू कॅलिबरची. तिला शस्त्रपरवाना लागतो, काडतुसांचा हिशोब ठेवावा लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाची सुरुवात दहा मीटरवरून मारायच्या ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलनंच व्हावी, हे माझं ठाम मत आहे. मी मुलांच्या हातात रायफलीच्याही आधी पेलेटचा, म्हणजे तिच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांचा, डबा दिला.

मॅचचे पेलेट चपट्या तोंडाचे असतात आणि रायफलीसाठी वजन साधारण ०.५३ ग्रॅम. डब्यात ५००. शिसं मऊ असल्यामुळे ते स्टीलच्या ताटात ओतायचे नाहीत, जाड टॉवेलवर हलकेच उलटे करायचे. मग खिडकीच्या काचेचा एक तुकडा घ्यायचा, कडा टेपनं झाकून. तो एका बाजूनं जरासा उचलून धरायचा आणि एकेक पेलेट त्यावरून सोडायचा. चांगला पेलेट बाक घेत, पण एकसारखा घरंगळतो. ज्याचा मागचा घेर चेपलाय तो डुचमळतो. मुलांना हा फरक पहिल्या वीस पेलेटमध्येच दिसायला लागतो, आणि मग ती आपल्यापेक्षा बारकाईनं बघतात. घेर बॅरलला नीट बसला नाही तर एका बाजूनं हवा निसटते, वेग घटतो, पेलेट किंचित तिरका बाहेर पडतो आणि गोळी खाली किंवा बाजूला जाते. असे पेलेट सरावालाही वापरू नयेत. मूल आपला हात चुकला समजून नीट असलेली पोझिशन बदलत बसतं.

०.००१ ग्रॅमच्या काट्यावर एकेक पेलेट तोलायलाही मुलांना आवडतं. तोलू द्यावं. पण मॅच दर्जाच्या डब्यात वजनात फार फरक नसतो. जास्त फरक पडतो तो तोंडाच्या मापानं: ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर. कुठलं माप आपल्या बॅरलला मानवतं हे फक्त चाचणी सांगते. रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की टेकवायची. पेलेट बदलल्यावर पहिले दहा शॉट मोजायचे नाहीत, बॅरलला नव्या शिशाचा थर बसू द्यायचा. मग एकाच कार्डावर दहा शॉट. भोकाची बाहेरची कड ते बाहेरची कड व्हर्नियरनं मोजायची आणि त्यातून ४.५ वजा केले की मध्य ते मध्य अंतर मिळतं. बाहेरचं माप ७ मिलिमीटरच्या आत आलं तर तो डबा ठेवायचा, ९-१० आलं तर दुसरं माप. टार्गेटच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो, म्हणून ही मेहनत.

पेलेट पक्के झाले की शॉट का फाकतात ते शोधणं सोपं होतं. चारी दिशांना विखुरले तर आधी साइटचे आणि स्टॉकचे स्क्रू बघा. वर-खाली पसरले तर श्वास, किंवा बट (रायफलीचा मागचा भाग) खांद्यात दर वेळी वेगळ्या उंचीवर बसतोय. डावी-उजवीकडे गेले तर पाय. रायफल रोखून मुलाला डोळे मिटायला सांगायचं, दोन श्वास, मग उघडायचे. साइट बाजूला सरकलेली दिसली तर मागचा पाय सेंटीमीटरभर हलवायचा. हातानं ओढून आणलं की ट्रिगर दाबताना रायफल परत जागेवर पळते.

रायफल चार-पाच किलोची. लहान मुलाचं सगळं वजन कमरेतून मागे झुकतं आणि पाठ दुखते. म्हणून पुढच्या बाजूला स्टँडचा आधार, सुरुवातीला वीस शॉट, त्यातले शेवटचे पाच आधाराशिवाय. रोखल्यावर आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली. खाली घेणं ही चूक नाही, हे मुलाला दहादा सांगावं लागतं.

घरी आम्ही फक्त ड्राय करतो, पेलेटशिवाय. रायफलीला ड्रायची सोय असेल तरच. स्प्रिंगच्या बंदुकीत रिकामा फायर केला तर पिस्टन आपटून सील जातं. भिंतीपासून पाच मीटरवर, म्हणजे निम्म्या अंतरावर, उभं राहायचं आणि टार्गेटच्या ३०.५ मिलिमीटरच्या काळ्या वर्तुळाऐवजी साधारण १५ मिलिमीटरचं चिकटवायचं. तरीही बॅरल टार्गेटकडेच, आणि खाली ठेवताना बोल्ट उघडा, बॅरलमधून आरपार रंगीत सेफ्टी दोरी.

रायफलीच्या हवेच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा मोठ्या माणसानंच भरावी, आणि सावकाश. घाईत भरली तर हवा तापते आणि गार झाल्यावर काट्यावर दाब कमी दिसतो. सिलिंडरवरची तारीख दहा वर्षांपलीकडे गेली असेल तर तो वापरू नये.

पेलेट हाताळल्यावर गार पाणी आणि साबणानं हात धुतल्याशिवाय काही उघडायचं नाही, मग तो खाऊचा डबा असो की पाण्याच्या बाटलीचं झाकण असो. रेंजवरची फरशी झाडायची नाही, शिशाची धूळ उडते. ओल्या फडक्यानं पुसायची आणि ते फडकं घरच्या कपड्यांत टाकायचं नाही.