स्वालबार्डचा टेम्पलफ्योर्ड : बर्फावर उतरण्यापूर्वी

एप्रिलमध्ये नॉर्वेच्या आर्क्टिकमधील स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या लाँगियरब्येन या मुख्य गावाहून स्नोमोबिलने (हिमावरून धावणाऱ्या वाहनाने) सासेन खोरे ओलांडून आम्ही टेम्पलफ्योर्ड या फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या, काठाशी पोहोचलो, तेव्हा कडाक्याची थंडी होती. तरीही आमच्या गाईडने वाहने किनाऱ्यावरच उभी केली आणि आधी एकट्याने पुढे जाऊन गोठलेल्या समुद्राच्या बर्फाला भोक पाडले. गिरमिट बाहेर काढताच खालचे खारे पाणी भोकातून वर आले आणि भोवतालच्या हिमात पसरून त्याचा करडा चिखल झाला. वर साचलेल्या हिमाच्या भाराने बर्फाचा थर पाण्याच्या पातळीखाली दबला होता. जाड हिम थंड हवा खालपर्यंत पोहोचू देत नाही, त्यामुळे वरून पांढरेशुभ्र आणि भक्कम दिसणारे पृष्ठ आतून पातळ असू शकते.

येथे येणाऱ्याने त्या दिवसाच्या तापमानावर विसंबू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. समुद्राचे पाणी सुमारे उणे 1.9 अंशाला गोठते आणि गोठेपर्यंत जड होत खाली बसत राहते, त्यामुळे पृष्ठभागावर बर्फ धरण्यापूर्वी खालच्या पाण्याची बरीच ऊब निघून जावी लागते. स्वालबार्डचे सर्वांत मोठे बेट असलेल्या स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम किनाऱ्यालगत अटलांटिकचे उबदार, खारे पाणी उत्तरेकडे वाहते. हिवाळ्यात वारे अनुकूल झाले की ते मुखाशी पाण्याखालचा उंबरठा (तळाचा उंचवटा) नसलेल्या फ्योर्डमध्ये थेट शिरते. काँग्सफ्योर्ड हे याचे ठळक उदाहरण आहे: 2006 च्या हिवाळ्यापासून तेथील बर्फाचे प्रमाण बरेच घटले. याच फ्योर्डच्या काठी भारताचे हिमाद्री संशोधन केंद्र 2008 पासून आहे आणि गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र त्याचे काम पाहते. 2014 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी पाण्याचे तापमान व क्षारता सतत मोजणारी उपकरणे या फ्योर्डमध्ये पाण्याखाली बसवली. उलट, व्हॅन मायेन फ्योर्डच्या मुखाशी अक्सेलओया हे बेट आडवे पसरले असल्याने बाहेरचे पाणी आत कमी येते आणि तेथे बर्फ अधिक खात्रीने धरतो.

वाऱ्याचाही वाटा मोठा आहे. आतून समुद्राकडे वाहणारा जोरदार वारा कोवळा बर्फ फोडून बाहेर नेतो. म्हणून निघण्यापूर्वी मागच्या काही आठवड्यांतील वादळे, पाऊस आणि ऊब यांची नोंद पाहावी, नॉर्वेच्या हवामान संस्थेचे बर्फाचे नकाशे तपासावेत आणि गव्हर्नर कार्यालयाचे त्या हंगामाचे निर्बंध वाचावेत, कारण काही फ्योर्डांच्या बर्फावर मोटारवाहनांना बंदी असते. किनाऱ्यालगत भरती-ओहोटीने पडलेल्या भेगा ताज्या हिमाखाली लपतात. त्या गाईडच्या मागोमागच ओलांडाव्यात. हिमनदीच्या कड्याजवळ मुळीच जाऊ नये, कारण कडा कोसळला की लाटेने आसपासचा बर्फ तडकतो. बर्फावर सील असतात, आणि त्यांच्या मागे ध्रुवीय अस्वले येतात. 1 मार्च ते 30 जून या काळात अस्वलापासून किमान 500 मीटर, तर एरवी 300 मीटर अंतर राखणे कायद्याने बंधनकारक आहे.

स्वालबार्डला जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेन क्षेत्राबाहेर (युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसा क्षेत्राबाहेर) असल्याने नॉर्वेमार्गे जाऊन परतणाऱ्या भारतीयांनी किमान दोनदा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा घ्यावा. बर्फासाठी मार्च-एप्रिल योग्य, पण सहल ठरवताना फ्योर्डऐवजी जमिनीवरच्या खोऱ्यांतून जाणारा पर्याय आयोजकाकडे आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.